कोंबडीच्या स्नायुपेशी सहाव्या दिवशी डिश का सोडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणाच्या छातीच्या स्नायूतून पेशी काढता आणि जिलेटिन लावलेल्या डिशमध्ये वाढवता. तिसऱ्या दिवशी लांबसडक मायोट्यूब, म्हणजे पेशी जुळून झालेल्या स्नायूच्या नळ्या, दिसतात, पाचव्या दिवशी त्या फडफडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी सगळा थर कडेपासून सुटून गुंडाळला जातो. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, पिवळं पडतं म्हणून गाइड म्हणतात कंटॅमिनेशन आहे. नेमकं काय चुकतंय, नस नसताना पेशी आपोआप आकुंचन पावतात हे ठीक आहे का, आणि हे सगळं सोडून सरळ सी२सी१२, म्हणजे उंदराच्या तयार मिळणाऱ्या स्नायुपेशी, घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगते. तुमच्या पेशी मरत नाहीयेत. त्या स्नायू होतायत, आणि स्नायूचं काम ओढणं हेच आहे. ओढणाऱ्याला दोन्ही टोकांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं. भ्रूणात तिथे कंडरा आणि हाड असतं, तुमच्या डिशमध्ये जिलेटिनचा पातळ थर आहे. पहिली अडचण ही धरण्याची. दुसरी तुम्ही ओघात लिहून गेलात: "तिसऱ्या दिवशी सी२सी१२सारखं २ टक्के हॉर्स सीरमचं मीडियम देते, एम्ब्रिओ एक्स्ट्रॅक्ट बंद करते." (एम्ब्रिओ एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कोंबडीच्या भ्रूणांचा गाळलेला अर्क.) माझ्या मते खरी चूक इथे आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. यातलं बरंच अंड्यांवर, सीरमच्या लॉटवर आणि शेवटी तुम्हाला काय मोजायचंय यावर अवलंबून आहे. तसं जिथे असेल तिथे सांगत जाईन.

आधी कंटॅमिनेशनचा विषय निकालात काढू. बॅक्टेरिया शिरले तर मीडियम रात्रीत गढूळ होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळ दिसते. यीस्ट असेल तर चकाकणारे, कळ्या फुटलेले गोल मणी दिसतात. तुमचं मीडियम पिवळं पण नितळ आहे असं तुम्हीच लिहिलंय. दाट मायोट्यूब ग्लुकोज भराभर संपवतात, लॅक्टिक आम्ल सोडतात, आणि मीडियममधला फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग पिवळा होतो. पाचव्या दिवशी असं होणं हे भुकेल्या आणि धडधाकट थराचं लक्षण आहे. चौथ्या दिवसानंतर निम्मं मीडियम रोज बदला. मायकोप्लाझ्मा हे अतिसूक्ष्म जिवाणू मात्र मीडियम गढूळ करत नाहीत आणि साध्या नजरेला सापडत नाहीत. त्यासाठी एका डिशला डॅपी किंवा हेक्स्ट हे डीएनए चमकवणारे रंग लावून केंद्रकांच्या बाहेर ठिपके दिसतात का ते पाहा, जमलं तर पीसीआर करून घ्या. गाइडशी बोलताना हातात पुरावा असेल.

आता डिशमधल्या घड्याळाकडे. पहिल्या दिवशी मायोब्लास्ट, म्हणजे स्नायू होणाऱ्या सुट्या पेशी, दोन टोकांच्या चातीसारखे निमुळते दिसतात आणि विभाजन पावत असतात. साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ते विभाजन थांबवतात, एकमेकांना चिकटून रांगेत येतात, आणि पडदे एकरूप होऊन एका लांब नळीत अनेक केंद्रकं जमा होतात. नळीतली केंद्रकं पुन्हा विभाजित होत नाहीत. फ्रँक स्टॉकडेल आणि हॉवर्ड होल्ट्झर यांनी १९६१मध्ये कोंबडीच्या पेशींना किरणोत्सर्गी थायमिडीन (डीएनए बनताना लागणारा घटक) देऊन हे दाखवलं: एकेकट्या पेशींची केंद्रकं ते उचलत होती, मायोट्यूबमधली उचलत नव्हती. या एका गोष्टीवर तुमचं वेळापत्रक उभं आहे. तिसऱ्या दिवसानंतर मायोट्यूबची संख्या फारशी वाढणार नसते. त्यानंतर वाढतात ते फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतकाच्या पेशी, आणि नळीच्या आतली आकुंचनाची यंत्रणा. चौथ्या-पाचव्या दिवशी फेज कॉन्ट्रास्टमध्ये फोकस हळूहळू फिरवलात तर नळीवर आडवे पट्टे दिसतील, लुगड्याच्या काठासारखे एकसारख्या अंतरावर. पट्टे दिसले की फडफड दूर नाही.

पेशी काढण्याबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, पण निम्मं काम तिथेच बिघडतं किंवा सुधारतं. बाजारातली अंडी चालत नाहीत, त्या कोंबड्यांबरोबर नर नसतो. हॅचरीतून फलित अंडी आणावी लागतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण ती कशी येतात यावर लक्ष ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात टेम्पोत चार तास तापलेली अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याआधीच थोडी वाढायला लागतात, कमीजास्त प्रमाणात. मग तुमचा 'बारावा दिवस' प्रत्येक अंड्यासाठी वेगळा होतो. अंडी सकाळी लवकर आणा, १५ अंशांच्या आसपास ठेवा, आठवड्याच्या आत वापरा. आणि दिवस मोजण्याबरोबर भ्रूणाकडे पाहून त्याचा टप्पा ठरवा. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१मध्ये केलेली ४६ टप्प्यांची मालिका आजही हाताशी ठेवण्याजोगी आहे. बारा दिवस म्हणजे साधारण ३८वा टप्पा. मी ३७ आणि ३८ घेते. त्यापुढे संयोजी ऊतक वाढत जातं आणि फायब्रोब्लास्टचं प्रमाणही. संस्थेच्या एथिक्स समितीचं भ्रूणांबद्दल काय म्हणणं आहे ते लेखी घेऊन ठेवा, प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं असतं.

कापण्याचं काम एकदा सावकाश बघून घ्या. अंड्याचं बोथट टोक वर, म्हणजे हवेची पोकळी वर. सत्तर टक्के अल्कोहोलनं पुसायचं, कवच टोचून टोपीसारखं उचलायचं, आतला पांढरा पापुद्रा बाजूला करायचा, आणि वाकड्या चिमट्याचा आकडा मानेखाली घालून भ्रूण अलगद वर घ्यायचं. लगेच डोकं वेगळं करायचं. मग उताणं ठेवून छातीवरची त्वचा मधोमध सोडवायची. त्वचा पूर्ण निघाली पाहिजे, राहिली तर एपिथेलियमचे, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचे, फरशीसारखे चौकोनी पुंजके डिशमध्ये उगवतात. खाली छातीच्या मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू दिसतो: फिकट, अर्धपारदर्शक, शहाळ्याच्या कोवळ्या मलईसारखा. चिमट्याच्या टोकानं तो कडेनं सोडवत आणायचा आणि कूर्चेला हात लावायचा नाही. कूर्चेचा एक तुकडा आला तरी त्या घाण्यात फायब्रोब्लास्टसारख्या दिसणाऱ्या पेशींची गर्दी होते. मी प्रत्येक तुकडा दुसऱ्या डिशमधल्या थंड सलाइनमध्ये हलवून, विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा एकदा साफ करते. बारा अंड्यांना यात पाऊण तास जास्त जातो, आणि तो वसूल होतो.

ट्रिप्सिन जपून. या वयाचा स्नायू इतका मऊ असतो की बारीक तुकडे मीडियममध्ये व्होर्टेक्सवर धरले तरी पेशी सुटतात. ट्रिप्सिन वापरणारच असाल तर ०.०५ टक्के, ३७ अंशांवर पंधरा मिनिटं, मग लगेच सीरम. त्यानंतर चाळीस मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि प्री-प्लेटिंग करा: काहीही न लावलेल्या साध्या डिशमध्ये वीस ते तीस मिनिटं. फायब्रोब्लास्ट लवकर चिकटतात, मायोब्लास्ट वर तरंगत राहतात, ते हलक्या हातानं उचलायचे. तुम्ही ही पायरी गाळलेली दिसते.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते एम्ब्रिओ एक्स्ट्रॅक्ट. कामाला लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आमच्याकडची एक्स्ट्रॅक्टची शेवटची बाटली संपली. नवीन करायला आठवडाभर अंडी नव्हती. मी ठरवलं, हॉर्स सीरम १० ऐवजी १५ टक्के करू, पोषण तर तेवढंच होईल. पहिले दोन दिवस फरक जाणवला नाही. चौथ्या दिवशी मायोट्यूब बारीक, आत फुगे, कडा खडबडीत. पाचव्या दिवशी अर्ध्या तुटलेल्या. मी इन्क्युबेटरचं तापमान तपासलं, ट्रिप्सिन बदललं, कोलॅजेन नव्यानं केलं. दोन आठवडे गेले. शेवटी एक्स्ट्रॅक्ट पुन्हा घातल्यावर त्याच सीरममध्ये, त्याच डिशमध्ये मायोट्यूब टवटवीत.

याचं कारण तोपर्यंत कळलेलं होतं, मी वाचलेलं नव्हतं. जपानमध्ये ओझावा यांच्या गटानं एक्स्ट्रॅक्टमधला स्नायूला जगवणारा घटक वेगळा काढला आणि १९८२मध्ये दाखवलं की तो ट्रान्सफेरिन आहे, म्हणजे पेशीला लोह पोचवणारं प्रथिन. आता तुम्ही म्हणाल, ट्रान्सफेरिन हॉर्स सीरममध्येही असतंच की. असतं, पण ते घोड्याचं. कोंबडीच्या स्नायुपेशींवरचा रिसेप्टर पक्ष्यांचं ट्रान्सफेरिन ओळखतो, सस्तन प्राण्यांचं जवळजवळ नाही. उंदराच्या पेशींना हॉर्स सीरम पुरतं, तुमच्या पेशींना त्यात लोहाची उपासमार होते. तुम्ही तिसऱ्या दिवशी एक्स्ट्रॅक्ट काढून घेता आणि सीरमही २ टक्क्यांवर आणता, म्हणजे मायोट्यूब बांधकामाच्या ऐन भरात असताना दोन्ही बाजूंनी रसद तोडता. बारीक, अशक्त झालेली नळी पाचव्या दिवशी स्वतःच्याच झटक्यानं तुटते किंवा सुटते.

कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींना सी२सी१२सारखं सीरम कमी करून फ्यूजनकडे, म्हणजे एकमेकींत जुळण्याकडे, ढकलावं लागत नाही. त्या १० टक्के हॉर्स सीरम आणि ५ टक्के एक्स्ट्रॅक्टमध्ये आपणहून जुळतात. मी शेवटपर्यंत हेच मीडियम ठेवते, फक्त चौथ्या दिवसानंतर एक्स्ट्रॅक्ट २ टक्क्यांवर आणते, कारण त्यात फायब्रोब्लास्टना आवडणारंही बरंच असतं.

एक्स्ट्रॅक्ट करणं अवघड नाही. दहा-अकरा दिवसांची भ्रूणं थंड सलाइनमध्ये स्वच्छ धुवायची, सुई न लावलेल्या पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजमधून दाबून बाहेर काढायची, तेवढंच मीडियम मिसळायचं, थंडीत तासभर ढवळायचं, एकदा गोठवून वितळवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरचा द्रव गाळायचा. थेट ०.२२च्या फिल्टरला लावू नका, तुंबतो. आधी जाड फिल्टर, मग बारीक. छोट्या नळ्यांमध्ये उणे ८० अंशांवर. हे जमत नसेल तर ओव्होट्रान्सफेरिन विकत मिळतं, कोनाल्ब्युमिन या नावानंही. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी १२-१३ टक्के हेच असतं, आपण कापताना जे बाजूला फेकून देतो त्यात. कच्चं पांढरं मात्र डिशमध्ये घालू नका. शुद्ध केलेलं, लोह भरलेलं घ्या. मी मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करते आणि सीरमच्या प्रत्येक नव्या लॉटबरोबर पुन्हा तपासते.

धरण्याकडे येते. जिलेटिन म्हणजे उकळून मोडलेलं कोलॅजेन. पेशी चिकटायला ते पुरतं, पण ओढ सहन करायला कमी पडतं. कोंबडीच्या मायोब्लास्टना कोलॅजेनचं किती महत्त्व आहे हे जुनं ज्ञान आहे. अर्विन कोनिग्सबर्ग यांनी १९६३मध्ये एकेक पेशी दूर दूर पेरून दाखवलं की एकाच मायोब्लास्टच्या संततीतून पट्टेदार मायोट्यूब होतात. तेव्हा त्यांना आधी दाट कल्चरमध्ये वापरलेलं मीडियम द्यावं लागायचं. तीन वर्षांनी स्टीफन हॉश्का आणि कोनिग्सबर्ग यांनी दाखवलं की डिशला कोलॅजेन लावलं तर त्या वापरलेल्या मीडियमची गरज उरत नाही. म्हणजे कोलॅजेन नुसता गोंद नाही, स्नायू होण्यासाठी पेशीला ते पायाखाली लागतं.

उंदराच्या शेपटीचं, आम्लात विरघळवलेलं कोलॅजेन वापरा. पातळ थर द्या, हूडमध्ये रात्रभर सुकू द्या, आणि सकाळी सलाइननं दोन-तीनदा धुवा. धुणं विसरलात तर उरलेलं आम्ल पहिल्याच दिवशी पेशी मारतं. थर सगळीकडे सारखा बसला पाहिजे. कडेला कोरडी, न लागलेली पट्टी राहिली तर सुटायची सुरुवात नेमकी तिथून होते. तुमच्या फोटोत थर कडेपासून सुटलाय, मधून नाही, यावरून मला हाच संशय येतो.

पेशींची दाटीही पाहा. पस्तीस मिलिमीटरच्या डिशमध्ये मी दोन ते तीन लाख पेशी टाकते. तुम्ही दहा लाख टाकताय. इतक्या दाटीत तिसऱ्या दिवशी फोटो फार देखणे येतात, कारण मायोट्यूब एकमेकींत गुंतून एकच चादर होते. पण चादर झाली की एक नळी आकुंचन पावली तरी ओढ सगळ्यांवर जाते, आणि एक कोपरा सुटला की सगळं निघतं. विरळ पेरलेल्या डिशमध्ये नळ्या वेगवेगळ्या राहतात, प्रत्येकीची ओढ तिच्यापुरती. पाचव्या दिवशीचा फडफडीचा अभ्यास करायचा असेल तर विरळ पेरा. प्रथिनं काढून वेस्टर्न ब्लॉटच (प्रतिपिंडानं एखादं प्रथिन ओळखण्याची चाचणी) करायचा असेल तर दाट पेरा आणि चौथ्या दिवशी काढून घ्या, सातव्या दिवसाची वाटच पाहू नका. हे पूर्णपणे तुम्हाला काय हवंय त्यावर आहे.

नस नसताना फडफड बरोबर आहे का? अगदी बरोबर. वॉरन आणि मार्गारेट लुईस या दांपत्यानं १९१७मध्येच कोंबडीच्या भ्रूणाच्या पट्टेदार स्नायूचं कल्चरमधलं वागणं लिहून ठेवलंय. मायोट्यूबच्या पडद्यावरच्या सोडियम वाहिन्या आपोआप उघडतात, विद्युत स्पंद नळीभर पसरतो, आत साठवलेलं कॅल्शियम रायनोडीन रिसेप्टर या वाहिनीतून बाहेर पडतं आणि ॲक्टिन-मायोसिन ही आकुंचनाची प्रथिनं एकमेकांवरून सरकतात. पक्ष्यांच्या स्नायूत या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असतात. वाकड्या मानेची म्हणून ओळखली जाणारी कोंबडीची एक उत्परिवर्तित जात आहे, तिच्यात अल्फा प्रकार नीट तयार होत नाही. तिच्या भ्रूणांच्या पेशी डिशमध्ये वाढवल्या तर उत्तेजनेतून आकुंचनाकडे नेणारी ही साखळी नीट घडत नाही. तुमच्या पेशी फडफडतायत याचा अर्थ साखळीतली प्रत्येक कडी जागेवर आहे. पहिल्यांदा फडफड दिसते तेव्हा खरं तर नळी हललेली कळत नाही, तिच्या शेजारी तरंगणारा कचऱ्याचा एखादा कण दर दोन-तीन सेकंदांनी दचकल्यासारखा हलतो. मी नव्या मुलांना आधी तो कण दाखवते.

मग फडफड थांबवावी का? थांबवता येते. टेट्रोडोटॉक्सिननं सोडियम वाहिन्या बंद होतात. ते जहाल विष आहे, त्याची नोंद आणि हाताळणी गाइडच्या देखरेखीखालीच. दुसरा मार्ग म्हणजे मीडियममधलं पोटॅशियम वाढवून १२ मिलिमोलरच्या आसपास नेणं. थर डिशवर टिकतो. पण किंमत मोजावी लागते. एव्हरेट बँडमन आणि रिचर्ड स्ट्रोमन यांनी १९८२मध्ये कोंबडीच्या मायोट्यूबवरच हा प्रयोग केला आणि पोटॅशियमनं आपोआप होणारं आकुंचन थांबवल्यावर मायोसिन कमी साठतं असं त्यांना दिसलं. टेट्रोडोटॉक्सिननं शांत ठेवलेल्या मायोट्यूबवर ॲसिटिलकोलीनचे (नसेकडून स्नायूला येणाऱ्या रासायनिक संदेशाचे) रिसेप्टर वाढतात, हाही परिणाम ओळखीचा आहे. म्हणजे निश्चल मायोट्यूब ही फडफडणाऱ्या मायोट्यूबची स्थिर प्रतिमा नाही, ती वेगळी पेशी होत जाते. भ्रूणातही तेच. कोंबडीचं भ्रूण साडेतीन-चार दिवसांचं असतानाच हलायला लागतं, आणि डॅनियल ड्रॅकमन व ए. जे. कुलोम्ब्र यांनी १९६२मध्ये क्युरारे हे स्नायू लुळे करणारं विष देऊन भ्रूणांची हालचाल थांबवली तेव्हा त्यांचे सांधे आखडले, पाय वाकडे झाले. तुम्हाला रिसेप्टर किंवा मायोसिन मोजायचं असेल तर फडफड थांबवून मोजलेला आकडा मला स्वीकारता येणार नाही. नुसता थर एक दिवस जास्त टिकवून चांगला फोटो काढायचा असेल तर हरकत नाही.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण तुमच्या 'बिघाडा'तूनच एक पद्धत निघालीय. १९९०मध्ये स्ट्रोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या स्नायुपेशी अन्न गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकवर वाढवल्या आणि ते प्लास्टिक पिनांनी ताणून बसवलं. फडफड सुरू झाल्यावर थर सुटला, तुमच्यासारखाच. पण पिनांनी टोकं धरलेली होती. सुटलेला थर गोळा न होता पिनांच्या मध्ये ताणलेला राहिला, गुंडाळत गोल झाला, फायब्रोब्लास्टनी भोवती संयोजी आवरण बनवलं, आणि पुढे त्यात प्रौढ कोंबडीच्या वेगवान स्नायूतला मायोसिनचा प्रकार दिसू लागला. साध्या डिशमध्ये चिकटून बसलेल्या मायोट्यूब तिथवर क्वचितच पोचतात. त्याआधी १९७९मध्ये हर्मन व्हँडनबर्ग आणि सेमूर कॉफमन यांनी कोंबडीच्याच मायोट्यूब लवचीक पडद्यावर ताणून धरल्या तर त्या जाड होतात हे दाखवलं होतं. तुमच्या गाइडची तयारी असेल तर एका डिशमध्ये हे करून बघा. तळाला सिलिकॉन रबर ओता, त्यात स्टेनलेस स्टीलच्या बारीक कीटकपिना रोवा, निर्जंतुक करा, आणि कोलॅजेन लावून पेशी पेरा. सहाव्या दिवशी थर सुटू द्या. तो पिनांच्या मध्ये दोरीसारखा ताणलेला दिसेल आणि पूर्ण दोरी एकत्र आकसताना दिसेल.

म्हणूनच फायब्रोब्लास्टबद्दल माझा सल्ला सरसकट नाही. दोरी करायची असेल तर थोडे राहू द्या, आवरण आणि टोकं तेच बांधतात. सपाट डिशमध्ये शुद्ध मायोट्यूब हव्या असतील तर सायटोसिन अराबिनोसाइड, १० मायक्रोमोलर, तिसऱ्या दिवसापासून एक ते दोन दिवस. ते विभाजन करणाऱ्या पेशी मारतं, आणि मायोट्यूबमधली केंद्रकं विभाजन करत नाहीत म्हणून त्या वाचतात. दुसऱ्या दिवशीच घातलंत तर अजून न जुळलेले मायोब्लास्टही मरतील. सहाव्या दिवशी घालणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

मोजणीबद्दल दोन शब्द. नुसता 'भरपूर मायोट्यूब' असा शेरा लिहू नका. एमएफ२० ही प्रतिपिंड मुळात कोंबडीच्या छातीच्या मायोसिनविरुद्धच बनवलेली आहे, त्यामुळे तुमच्या पेशींवर ती स्वच्छ लागते. बरोबर डॅपी लावा, आणि एकूण केंद्रकांपैकी किती केंद्रकं मायोसिन असलेल्या, तीन किंवा जास्त केंद्रकांच्या नळीत आहेत ते मोजा. दृश्यक्षेत्रं आधीच ठरवून घ्या, डिश बघून निवडू नका.

सी२सी१२ घ्यायचं का? त्या उंदराच्या पेशी चांगल्या आहेत, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून मिळू शकतात, आणि जीन घालायचं, दाबायचं, पन्नास डिशमध्ये तोच प्रयोग करायचा असेल तर मी त्याच सुचवेन. पण त्या आपणहून फडफडत नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि पट्टे यायला बरेच दिवस घेतात. तुमचा विषय आकुंचन आणि त्याचं वय हा असेल तर हातातलं सोडू नका. डॉ. लीला मुल्हेरकरांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावर केलेल्या कामापासून आपल्याकडे अंडं हाताळण्याची परंपरा आहे. आसपास कुणीतरी जुनं माणूस सापडेल जे एका दुपारात तुम्हाला कापणं शिकवेल.

आता पुढच्या घाण्यात सगळं एकदम बदलू नका. त्याच बारा अंड्यांच्या पेशींच्या चार प्रकारच्या डिश लावा: तुमची नेहमीची, जिलेटिन तसंच पण एक्स्ट्रॅक्ट शेवटपर्यंत, कोलॅजेन पण तुमचंच मीडियम, आणि कोलॅजेन अधिक एक्स्ट्रॅक्ट. चारींत अडीच लाख पेशी. डिशच्या तळाला बाहेरून खूण करून रोज त्याच जागेचा, त्याच वेळी फोटो. मीडियम बदलताना ते कोमट करा आणि पिपेट भिंतीला टेकवून थेंब थेंब सोडा. पाचव्या दिवशी थरावर जोरात धार पडली की सगळ्या नळ्या एकदम आकसतात आणि तिथेच भोक पडतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. दुसरी डिश टिकली तर अडचण मुख्यतः लोहाची होती, तिसरी टिकली तर धरण्याची. माझा अंदाज आहे की दुसरीतल्या नळ्या जाड होतील पण सुटतील, तिसरीतल्या टिकतील पण बारीक राहतील.

सीरमच्या बाटलीवरचा लॉट नंबर, कोलॅजेन कुठून घेतलंत ते, आणि चारही डिशचे चौथ्या व सहाव्या दिवसाचे फोटो पाठवा. शक्य असेल तर फडफडीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही, म्हणजे नळ्या एकेकट्या हलतायत की सगळ्या एकत्र ते मला दिसेल.